साडूचं यंत्र

माझा साडू गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण कुणी त्याचं कौतुक केलं की आजही माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

तो धुळ्याच्या कापसाची सरकी काढायच्या जिनात फिटर, मी जळगावच्या जिनात हिशेबाला. कापूस तोलला जात असताना मण-शेरांची बेरीज मी तोंडी करायचो. पावकी, निमकी, अडीचकी लहानपणी छड्या खाऊन घोटलेली. तोलणारा शेवटचं पारडं उतरवायच्या आत माझा आकडा तयार. असोद्याचा शेतकरी असो की जामनेरचा, गाडी सोडली की आधी विचारणार, "हिशेबाले आबा हायेत ना आज?" त्या एका प्रश्नावर माझी छाती दिवसभर फुगलेली असायची.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघे जावई सासरी जमलो. सासूबाईंनी तूप आधी त्याच्या पानात वाढलं. वास्तविक थोरला जावई मी. जेवणं झाल्यावर त्यानं एक पेटी उघडली. आत सागवानी चाकं, दात्यांत दाते अडकवलेले. दांडी एकदा ओढली की एका पारड्याचं ठरलेलं वजन बेरजेत मिळवलं जायचं. चाळीस शेर भरले की मणाचं चाक आपोआप एक घर पुढे, वीस मणांवर खंडीचं. सासरे तर पाहतच राहिले. माझ्या तोंडी हिशेबाकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

"खेळणं झकास जमलंय," मी म्हटलं.

"भाऊ, तुमनंच डोकं लाकूडमा उतारेल शे," तो म्हणाला. मला नुसत्या मिरच्या झोंबल्या.

पुढच्या हंगामात हा पठ्ठ्या पेटी घेऊन थेट आमच्या शेठजींकडे हजर. शेठजींनी पैज लावली. आवारात कापसाच्या गाड्या उभ्या, एका बाजूला तो आणि त्याची दांडी, दुसऱ्या बाजूला मी. हरलो तर माझी जागा जाणार, हे कुणी बोललं नाही, पण गाडीच्या बैलांनासुद्धा ते ठाऊक होतं.

तोलायला सुरुवात झाली. आमच्याकडे पहिल्या पारड्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि जवळचा प्रत्येक माणूस हात कपाळाला लावतो. प्रत्येक गाडीला तसंच. सगळ्या गाड्या झाल्यावर मी आकडा सांगितला. यंत्राचा आकडा कमी निघाला. माणसं खो खो हसली. शेठजी म्हणाले, "घेऊन जा, चुलीला होईल." साडूचं तोंड उतरलं. माझ्या मनात गुळाचा खडा विरघळत होता.

तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर! पण माझी जीभ. चूक कुठली ते मला दिसलं होतं, आणि ते मलाच दिसलं हे चारचौघांना कळायला नको? मी ऐटीत म्हणालो, "शेठजी, दर गाडीमागे एक पारडं कमी भरतंय. 'लाभ' म्हटलं की हा उजवा हात कपाळाला नेतो, दांडी ओढायची राहते."

साडूचे डोळे चमकले. "बराबर! हात मना चुकना, यंत्र नही."

पुन्हा गाड्या लावल्या. त्यानं डावा हात कपाळाला नेला, उजवा दांडीवर ठेवला. आकडा माझ्याशी शेरभरही चुकला नाही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

शेठजींनी यंत्र ठेवून घेतलं. म्हणाले, "डोकं आजारी पडतं, लग्नाला जातं. हे कुठे जात नाही. आणि चूक पकडणारा माणूसच याच्यावर बसवा." पगार तोच, फक्त आता मी दांडी ओढायचो. घरी बायको म्हणाली, "तुमाले बोलाची काय गरज व्हती?" मी ताटावरून उठलो.

तो तापानं अकाली गेला. सगळे रडले, मीही रडलो, पण राग गेला नाही. जिवंत माणसाला कधीतरी मागे टाकता येतं, मेलेल्याला कसं टाकणार? वर्षानुवर्षं मी दांडी ओढता ओढता मनात बेरीज करत राहिलो, एकदा तरी हे चुकेल म्हणून. नाही चुकलं मेलं.

स्वराज्य आलं त्या साली धुळ्याहून काही शिकलेली माणसं खास यंत्र पाहायला आली. वाकून वाकून चाकं पाहिली, काय डोकं होतं म्हणाली. मी शेजारीच उभा होतो. निघताना एकाला माझी आठवण झाली. त्यानं विचारलं, "आपण कोण?"

असोद्यापासून जामनेरपर्यंत ज्याची चौकशी व्हायची, त्या माणसाला हा प्रश्न!

"त्यांचा साडू," मी म्हणालो.