मामांचे मोजे

भडगावच्या स्टँडवर मी उतरले की मामा भर गर्दीत माझ्या पाया पडायचे. केळीचे घड खांद्यावरून वाहून रापलेला सहा फुटी माणूस सात वर्षांच्या पोरीसमोर कमरेत वाकायचा. आमच्याकडे भाचीचा मानच तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाय मागे घेतला तर म्हणायचे, "उभी ऱ्हाय माय, मनं पुण्य कमी करू नको."

दुसऱ्याकडून काम करून घेणं त्यांना जमलंच नाही. केळीची उंचावरची वाळकी पानं कापायला लांब दांड्याला विळा बांधतात. मामांनी आयुष्यातल्या प्रत्येक अडचणीला असाच एक दांडा शोधला होता. मामी गेली, मूलबाळ नव्हतं, तरी "मनं मी दखी लिसू", माझं मी बघून घेईन, हेच पालुपद.

तीन वर्षांपूर्वी बांधावरून पडून त्यांचा खुबा मोडला. मी त्यांना धुळ्याला माझ्या घरी आणलं. वॉकर धरून ते मोरीपर्यंत जायचे, पण वाकणं कायमचं संपलं. आणि भर उन्हाळ्यातही पायात मोजे! एका दुपारी झोपेत मोजा निसटला, तेव्हा कळलं. ओल्या मातीत जन्म काढलेल्या त्या पायांची नखं बुरशीनं पिवळी, जाड, भुसभुशीत झाली होती. त्यात साखरेचा आजार. मी औषध आणि कानस घेऊन बसले, तर पाय आखडून घेतले.

"भाचीना हात मना पायले लागना, ते वर काय तोंड दखाडसू?" भाचीचा हात पायाला लागणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

माझे यजमान जावई, म्हणून तेही बाद. दवाखान्यातला कंपाउंडर आणला, तर त्याला चहा पाजून परत पाठवलं. मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. पण खरं सांगते, मला त्या नखांची किळस येत होती आणि त्यांच्या हट्टानं मी सुटले होते. याची लाज अजून जात नाही.

मामांनी मात्र दांडा शोधला. छडीला ब्लेडचं अर्धं पान बांधून माझ्या पाठीमागे ते नखं तासायचे. साखरेनं बधिर झालेल्या पायाला बोट कापल्याचं कळलंच नाही. रक्त दिसलं तेव्हा त्यांनी छडीनंच मोजा वर ओढला. वास सुटल्यावर मी तो कातरीनं कापून काढला. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली.

डॉक्टर म्हणाले, "आता निदान उजवा पाय सांभाळा. नख घासून पातळ करा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, रोज औषध लावा. वर्ष लागेल. नवं नख मुळापासून यायला हवं."

घरी आल्यावर मामा म्हणाले, "पयले तुना पाय वर ठेव." मी पलंगावर पाय ठेवला. पडल्या पडल्या त्यांनी त्याला हात लावला, तो हात कपाळाशी नेला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "आते कर." मी नख घासत होते आणि ते रडत होते. पुढे रोज असंच. आधी त्यांचा नमस्कार, मग माझं औषध.

डाव्या पायाची जखम भरली नाही. विष अंगात चढलं आणि पाच महिन्यांत मामा गेले.

शेवटच्या दर्शनाला मी त्यांच्या पायांशी गेले, तर भावकीतले एक आबा म्हणाले, "भाची पाय पडत नही, माय." मी ऐकलं नाही. उजव्या पायावर डोकं टेकवलं. अंगठ्याच्या मुळाशी गव्हाच्या दाण्याएवढं स्वच्छ नख आलं होतं.