सगळ्या गावाला उपास निघाला

आमच्या गावात हिंदू-मुसलमान कधी भांडले नाहीत, असं माझी मुलं पाहुण्यांना सांगतात. खरं आहे. भांडण झालं नाही. जे झालं ते मी पाहिलं आहे.

गाव अल्लीपूरजवळचं. चौथी शिकून, लग्न होऊन मी तिथे आले ती सत्तर सालानंतर. शेजारी मुसलमान पिंजाऱ्याचं घर. गावातल्या गाद्यांचा कापूस तोच पिंजायचा. त्याची बायको माझ्या सासूच्या वयाची. कुंपणाला टेकून दोघी रोज बोलायच्या. आमचं शिजलेलं तिला चालायचं, तिचं आम्हाला चालत नव्हतं. ईदला ती कोरड्या शेवया आणि साखर पाठवायची, आम्ही आमच्या चुलीवर शिजवायचो. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तिच्या मोठ्या मुलीचं पुलगावकडे जमलं. सोयरे तालेवार होते. पिंजाऱ्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की सारं गाव आपलं आहे, पंगतीत पाहून घ्या. मुलीची सासरची पत त्यावर होती. म्हणून गावासाठी वेगळा स्वयंपाक ठरला. चूल आमच्या अंगणात, पाणी आमच्या विहिरीचं, भांडी आमची, आचारी हिंगणघाटचा, हिंदू. हे सगळं सासूनेच सुचवलं होतं.

पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण-भात वाढून झाला. आणि पिंजारीण बुंदीची परात घेऊन स्वतः मांडवात आली. आमच्या लग्नांत नवरीची आई आपल्या हाताने गोड वाढते, ते तिने पाहिलं होतं. तिला वाटलं, तोच मान. पहिली ती सासूपुढे वाकली.

सासूने पत्रावळीवर हात आडवा धरला. "थांब, भाभी. मले आताच आठवलं, आज माहा उपास हाय."

"कायचा उपास, बाई? भात तं कालवला तुमी."

"उपास काय तुले विचारून धरू?"

सासू उठली. मग शेजारची उठली. समोरच्या रांगेत एकाच्या तोंडात घास होता, तो गिळून त्यालाही उपास आठवला. मीही उठले. सून होते, बसून कुठे राहणार.

नवरदेवाचा बाप पान चघळत उभा होता. "लय देवभोळं गाव हाय तुमचं," तो पिंजाऱ्याला म्हणाला. वऱ्हाड हसलं. नवरी पडद्यामागे बसली होती. तिने ऐकलं.

वऱ्हाड गेल्यावर पिंजारिणीने उरलेल्या भाताने भरलेले गंज एकेक करून उचलले आणि आमच्या गोठ्यातल्या गव्हाणीत ओतले.

"काय करून राह्यली?" सासू दारातून म्हणाली.

"ढोराले उपास नसते, बाई. खाऊ द्या."

तिला थांबवावं तर पंगतीचा विषय निघणार. सासू आत निघून गेली.

सकाळी आमचा एक बैल तो भात खाऊन पोट फुगून आडवा पडला होता. ढोरांचा डॉक्टर येईपर्यंत मेला. पेरणी तोंडावर होती.

पिंजारीण आपण होऊन आली. रडली नाही, हात जोडले नाहीत. "बैल माह्या हातानं मेला. माह्या पोरीचं नाक तुमी कापलं. फिटंफाट?"

सासूने बैलाकडे पाहिलं. "फिटंफाट," ती म्हणाली.

"अन् लहानीच्या लग्नात?"

"जेवीन. तूच वाढजो."

दोन-तीन वर्षांनी लहान मुलीचं लग्न झालं. पिंजारिणीने वाढलं. सासू औषध गिळावं तशी जेवली, पण पत्रावळ साफ केली आणि बुंदी मागून घेतली. ती जेवली म्हणून गाव जेवलं. तेव्हापासून आमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकच पंगत बसते. लोक याला एकोपा म्हणतात. त्या दोघींत मात्र पुन्हा कधी कुंपणापाशी गप्पा झाल्या नाहीत. एकमेकींचा शब्द तेवढा दोघी पाळायच्या.

लहानीच्या लग्नात पंगत उठल्यावर सासूने इकडेतिकडे पाहिलं. "मोठी नाई आली?"

"तिची सासू माहेरी धाडत नाई."

"काऊन?"

पिंजारीण उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती. "बैलाची गोष्ट पुलगावले पोचली. ते म्हणते, तुह्या बापाच्या घरी माणसं जेवत नाई, ढोरं जेवते. तिथं जाऊन काय करशीन?"

सासू हात धुवायला विहिरीवर गेली.