बारावीच्या वर्गातला अध्यादेश

तलासरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. डहाणूहून एसटीने जाऊन-येऊन. राष्ट्रपतींचे अधिकार नुसते तोंडी शिकवले की बारावीचा वर्ग डुलक्या काढतो, म्हणून यंदा वर्गातच संसद भरवली. खिडकीकडचे बाक लोकसभा, दाराकडचे राज्यसभा. राष्ट्रपती केलं एका साहेबांच्या मुलाला. बोलणं चटपटीत, शर्टाला कडक इस्त्री.

थोड्याच दिवसांत खुर्ची त्याच्या डोक्यात गेली. अधिवेशन चालू असताना त्याने उठून अध्यादेश वाचला: सभागृहात फक्त पुस्तकातल्या मराठीत बोलायचं, बाकी बोलणं नोंदलं जाणार नाही. वर्ग हसला. लोकसभेतली सगळ्यात धारदार सदस्य मात्र बोलता बोलता खाली बसली. ही मुलगी पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावातून यायची आणि घरच्या बोलीतच तावातावाने भांडायची. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडलं नाही.

मनात आणलं असतं तर एका शब्दात मी तो अध्यादेश केराच्या टोपलीत टाकला असता. पण त्याने मर्यादा ओलांडली म्हणून मीही ओलांडायची, तर संसद भरवली कशाला? घरी भाजी चिरतानाही तेच डोक्यात. नवरा म्हणाला, पोरांचा खेळ आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस. मी त्याच्यावर खेकसले. एका मुलीची वाचा माझ्या वर्गात बंद झाली होती, आणि मला ते सहन होत नव्हतं.

मी मुलांना एवढंच सांगितलं की दोन्ही सभागृहं चालू असताना राष्ट्रपतींना अध्यादेश काढताच येत नाही; उपाय तुम्ही शोधा. त्यांनी थेट महाभियोगच काढला. सह्या झाल्या, चौदा दिवसांची नोटीस झाली, आणि तोवर भातकापणी आली. मतदानाच्या दिवशी लोकसभेचे निम्मे बाक रिकामे. आलेल्या सगळ्यांनी हात वर केले तरी ठराव पडला, कारण दोन तृतीयांश मतं एकूण सदस्यांची लागतात, नुसत्या हजर असलेल्यांची नव्हे. राज्यसभेपर्यंत प्रकरण गेलंच नाही. राष्ट्रपती गालात हसला. मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर हा नियम करणाऱ्यांचाही आला.

मग मी धड्यातल्या दुसऱ्या, साध्या उपायाची आठवण करून दिली. राष्ट्रपती खुर्चीत राहील, पण त्याचा अध्यादेश दोन्ही सभागृहं नामंजूर करू शकतात, आणि त्याला हजर असलेल्यांचं बहुमत पुरतं. ठराव कुणीतरी मांडायला मात्र हवा. कुणी उठेना. मी हातातला खडू मोडून त्याचे तुकडे करत बसले.

ती उठली. आपल्या बोलीतच म्हणाली की बाजारात, एसटीत, दवाखान्यात तिचं बोलणं सगळ्यांना कळतं, मग याच सभागृहाला का कळू नये? हे नोंदता येणार नाही, असं राष्ट्रपतींनी लगेच बजावलं. लोकसभेची अध्यक्ष झालेली मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम खिडकीबाहेरच्या रिक्षा बघत राहिले.

"ठराव नोंदवून घ्या," ती अध्यक्ष म्हणाली.

लोकसभेत हात भराभर वर गेले. राज्यसभेत सगळी राष्ट्रपतींची मित्रमंडळी. बराच वेळ एकही हात हलला नाही. मग एरवी राष्ट्रपतींच्याच बाकावर बसणाऱ्या मुलाने त्याच्याकडे न बघता हात वर केला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचे हातही वर आले.

ठराव मंजूर झाल्याचं जाहीर करून अध्यक्षांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"माझा बोलून नाय झाला आजून," ती म्हणाली, आणि तास संपेपर्यंत राष्ट्रपतींकडे तोंड करून बोलत राहिली.