चौदा नंबरची ट्रॉली

"सगळी माणसं बाहेर आली, साहेब."

सुमननं गेटच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बघून सांगितलं. साहेबांनी मान हलवली. आम्ही सगळे सूतगिरणीच्या गेटावर उभे. कापसाच्या गोडाऊनमधनं धूर येत होता. आणि आमची शेवंताआक्का आत होती.

मी म्हटलं, "आक्का आत हाय."

सुमननं परत बघितलं. माझ्याकडं नव्हे, पडद्याकडं. "आत कोण न्हाई, मावशी. शून्य दाखवतंय."

हे शून्य कसं आलं ते सांगते. बसा जरा.

त्याच वर्षी गिरणीत नवीन यंत्रणा आली होती. दारादारांवर डबे बसवले. ऑफिसातल्यांना आणि कायम कामगारांना गळ्यात घालायला कार्ड दिलं, फोटोचं, निळ्या पट्टीचं. त्यात कसलीशी चकती असते. माणूस दारातनं गेला की पडद्यावर नाव उमटतं. तसलीच चकती मशीनला, क्रेटला, ट्रॉलीला. आम्ही अकराजणी कंत्राटावर, सगळ्या बौद्धवाड्यातल्या. झाडायचं आणि खराब कापूस ट्रॉलीनं ओढायचा. आम्हाला कार्ड नाही. विचारलं तर साहेब हसून म्हणाले, "तुमच्या ट्रॉलीला लावलंय की." ट्रॉली हलली म्हणजे बाई कामावर. माझी चौदा नंबरची.

मला त्या कार्डाचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू, सुमनचा वाटायचा. सातवीपर्यंत आम्ही एका वर्गात. तिची गणितं मी तपासून द्यायची. पुढं ती कॉलेजला गेली, मी आईबरोबर शेतात भांगलायला. शाळेत मी तिला सुमे म्हणायची. गिरणीत ती मॅडम आणि मी मावशी. एका वयाच्या आम्ही दोघी! जेवताना ती कार्ड पाठीवर टाकायची, आमटी लागू नये म्हणून. त्या टाकण्याचासुद्धा मला हेवा. एकदा घरी परकराची नाडी गळ्यात घालून आरशापुढं उभी राहिले होते. हसा, हसा. मी पण हसते आता.

तर आमची एक रीत होती. कुणाला बरं नसलं की तिनं टेकायचं, दुसरीनं दोन्ही ट्रॉल्या ढकलायच्या. पडद्यावर दोघी कामावर. त्या दिवशी आक्काचा पाय सुजून भोपळा झालेला. ती गोडाऊनला लागून असलेल्या खराब कापसाच्या खोलीत ढिगावर पडली आणि मी तिची नऊ नंबर अन् माझी चौदा ओढत होते. तेवढ्यात आगीचा भोंगा झाला. आम्हाला बजावलेलं होतं, ट्रॉली आत राहिली तर भरपाई तुमच्यावर येईल. मी दोन्ही ट्रॉल्या घेऊन पळाले.

ट्रॉल्या वाचवल्या. बाई आत ठेवली. पडद्यानं नव्हे, मी.

ते गेटावर माझ्या ध्यानात आलं आणि मी आत जायला निघाले. वॉचमननं हात आडवा घातला, म्हणाला, मॅडम सांगत्यात की आत कोण न्हाई. मी त्याला ढकलून आत शिरले. आक्का दारापर्यंत सरपटत आली होती. तोंडाला पदर. तिला काखेत धरून ओढत आणली. जगली. पण आवाज गेला तो गेलाच, पुढं फुसफुसल्यासारखं बोलायची.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. तिथंच फोटो काढला, कार्ड करून हातात दिलं. धाडस केलंस, म्हणाले, या बायकांवर तुला मुकादम करतो. कालचं बाहेर बोलू नको, एवढंच.

मी कार्ड गळ्यात घातलं. व्हय, घातलं. फोटो चांगला आला होता. दारातनं गेले, डबा टुंकन वाजला आणि सुमनच्या पडद्यावर माझं नाव उमटलं. आडनावासकट. डोळे भरले माझे.

मग म्हटलं, "सुमे, आक्काचं नाव दाव."

गिरणीत पहिल्यांदा सुमे म्हटलं. ती खाली बघत म्हणाली, "तिचं न्हाई गं. कंत्राटावर हाय न्हवं ती."

मी पट्टी डोक्यावरनं काढली. साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"अकरा करा. न्हाईतर ह्ये बी ऱ्हाऊ द्या."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आक्का सोडून आम्ही दहाजणी आलो. अकरा ट्रॉल्या गेटावर ओळीनं लावल्या आणि हात मोकळे सोडून बाहेर उभ्या राहिलो. पडदा काय दाखवत होता, सुमनला ठाऊक.

कार्डं मिळाली नाहीत. सातजणी कामावर परत गेल्या. त्यांना नावं ठेवणार नाही, घरी चूल होती त्यांच्या. मी गेले नाही.

हेवा गेला का, विचाराल. नाही गेला. आजही कुणाच्या गळ्यात निळी पट्टी दिसली की काळजात चरचरतं. चरचरू दे. त्यानंच मला उठवलं. त्यानंतर मी माझ्या पोरींच्या पुस्तकातनं इंग्रजी अक्षरं गिरवली, माझी मीच. कुठंही यादी होऊ दे, घरकुलाची असो की दवाखान्याची, मी पुढं जाऊन उभी राहते. म्हणते, मोठ्यानं वाचा. वाचत नसाल तर इकडं द्या, मी वाचते. सगळ्यात खाली उभी असलेली बाई त्यात नसेल, तर माझंही नाव खोडायला लावते. आणि ती यादी पुढं जाऊ देत नाही.