खाडीचं पाप कुणाच्या गळ्यात

"पल्लू बाजू में कर. बोर्ड दिखना चाहिए."

सुपरवायझरने पुठ्ठ्याची पाटी सुतळीने माझ्या गळ्यात अडकवली. बमरोलीला खाडीच्या काठावर आमच्या मिलचा पर्यावरण दिन होता. मी त्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायचे. ऑफिसातल्या बायकांच्या हातात रोपं दिली. आम्हा खानदेशातून आलेल्या बायकांच्या गळ्यात पाट्या. माझ्या पाटीवर गुजरातीत लिहिलं होतं, 'हुं खाडीमां कचरो नहीं नाखुं.' मी खाडीत कचरा टाकणार नाही.

मिलच्या शेठची सून माइकवर बोलली. तिला सगळे भाभी म्हणत. "आ खानदेशी लोको ज्यां रहे, त्यां गंदकी ज होय. एमने शीखववुं पडे."

आम्ही राहतो तिथे घाणच, आम्हाला शिकवावं लागतं म्हणे. टाळ्या पडल्या. फोटो निघाला. फोटोत माझ्यामागे खाडी. जांभळी. त्या आठवड्यात मिलमध्ये जांभळ्या साड्यांचा माल चालू होता.

तो फोटो फिरत फिरत मुलीच्या वर्गात पोचला. गुजराती शाळा. मुलगी घरी आली ती थेट मोरीत बसली. हात घासायला लागली. साबण, मग नारळाची शेंडी, मग नुसती नखं.

"काय व्हयनं बेटा?" मी विचारलं.

"माझ्याशी अहिराणीत बोलू नको. रस्त्यात मला हाक पण मारू नको."

हात लाल झाले तरी थांबेना. मी नळ बंद केला. ती कोरडेच हात घासत राहिली.

तो घासण्याचा आवाज माझ्या कानातून गेला नाही. मशीनच्या खडखडाटात ऐकू यायचा. साडीवर हात फिरवला की ऐकू यायचा. आजही येतो.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच काठ. तीच भाभी. सुपरवायझर सुतळी घेऊन आला तेव्हा मी मान मागे घेतली. पाटी हातात धरली आणि भाभीसमोर गेले. मोडक्या गुजरातीत बोलले.

म्हटलं, "भाभी, आमच्या पिशव्या खाडीत जातात, हे खरं आहे. कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत येत नाही, तरी पिशवी आमचीच. ही पाटी मी घालते. पण एक तुमच्यासाठी पण करा. 'रंगाचं पाणी सोडणार नाही' असं लिहा. दोघी शेजारी उभ्या राहू."

भाभी पाहुण्यांकडे बघून हसली. "जोयुं? केटली जबान चाले छे आ लोकोनी!" आमची जीभ फार चालते म्हणे.

सुपरवायझर कानाशी आला. "घर जा. कल से मत आना."

मी पाटी जमिनीवर ठेवली. मागे वळून पाहिलं. आमच्यातल्या एकीनेही आपली पाटी काढली नव्हती. सगळ्या खाली बघत होत्या. मी एकटीच चालत निघाले.

आता उधन्याला दुसऱ्या कारखान्यात जाते. सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या काही बायकांना घेऊन खाडीत उतरते. पिशव्या, चिंध्या, बाटल्या काढतो. त्या दिवशी खाली बघणाऱ्यांपैकी दोघी येतात. मुलगी येत नाही. अजून माझ्याशी बाहेर बोलत नाही. पायाला रंग लागतो. कधी हिरवा, कधी लाल. घासूनही जात नाही.

आमची घाण आम्ही काढू. कुणी शिकवायची गरज नाही. पण रंग ज्याचा, त्याचं नाव मी घेणार. त्याच्या दारात उभी राहून, चार माणसांसमोर. नोकरी पुन्हा गेली तरी.

मान आता वाकायची नाही.