तिसरा आग्रह झालाच नाही

इराणातल्या नहावंदच्या फरंगीसबाईंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या आग्रहाला घेतली नाही. ताटातला शेवटचा कबाब नाही, की कुणाच्या घरचा दुसरा चहा नाही. तिथली रीतच तशी: देणाऱ्याने तीनदा आग्रह करायचा, घेणाऱ्याने दोनदा नको म्हणायचं, आणि त्यात मनापासून किती, तोंडदेखलं किती, ते ज्याचं त्याने ओळखायचं. निकाहाच्या वेळी मुल्लांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या हो म्हणाल्या. तशा सगळ्याच मुली वाट पाहायला लावतात म्हणा, पण बाईंनी ती सवय जन्मभर जपली.

चौथीच्या वर्गाला शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवून झाल्यावर शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. प्रवेश परीक्षेत दोनदा आपटल्या. यंदा लेखी परीक्षा पास झाल्या आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा एकच उरलेली. यंदा नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं.

मुलाखत झकास झाली. पोरांना वाचायची गोडी कशी लागते, यावर बाई अशा बोलल्या की परीक्षक ऐकतच राहिले. शेवटी समितीचे प्रमुख डॉक्टर मोअय्यदी म्हणाले, "खानुम, ही जागा दिली तर घ्याल ना?"

"छे हो, माझी कसली लायकी! बाहेर तरुण मुलं बसलीत, त्यांना द्या."

"खरंच? मनापासून सांगताय?"

"माझ्यापायी तुम्ही कशाला अवघडताय, डॉक्टरसाहेब!"

बाई मान खाली घालून तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसल्या. डॉक्टरांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

जिन्यात येऊन त्यांनी बहिणीला, मेहरांगीझला, फोन लावला. "अगं, ते नुसता आग्रह करत होते, की खरंच विचारत होते?"

"तू काय म्हणालीस?"

"नको म्हणाले."

"दोन्ही वेळा?"

"मग काय पहिल्या फटक्यात हो म्हणू? जनाची लाज आहे की नाही?"

"बस आता ती लाज पांघरून! आधी माघारी फिर."

परत जावं तर हावरटपणा, न जावं तर हातातला घास गेला. अखेर फोन तसाच हातात धरून त्यांनी दार ढकललं. "मला ती जागा हवी आहे," त्या म्हणाल्या. इतकं उघडंवाघडं वाक्य त्या जन्मात बोलल्या नव्हत्या.

डॉक्टर मोअय्यदी खुर्चीतून उठले, छातीवर हात ठेवून अदबीने झुकले. "हे काय सांगायला हवं, खानुम? अख्खं विद्यापीठ तुमचंच आहे!"

बाई बाहेर आल्या. फोनवर मेहरांगीझ ओरडत होती, "काय झालं? दिली का?"

"विद्यापीठच देऊन टाकलं," बाई म्हणाल्या आणि पायरीवर मटकन बसल्या. "जागेचं काही बोलले नाहीत गं."