वाइनरीत आत्याबाई

आमच्या कॉलेजातून कुणी कुठं जाऊन आलं की दोन गोष्टी तयार होतात. एक अहवाल. तो फाईलला लागतो आणि पुन्हा कुणी उघडत नाही. दुसरे किस्से. ते कुणी लिहीत नाही आणि सगळ्यांना पाठ असतात. नाशिकच्या वाइनरी दौऱ्याचा अहवाल मीच लिहिला होता. नऊ पानांचा, मुद्देसूद. आज त्यातलं एक वाक्य कुणाला आठवत नाही. स्टाफरूममध्ये चहा आला की मात्र, "सोनकांबळे मॅडम, तो नळाचा सांगा," अशी फर्माईश होते. मी सांगते, आणि दर वेळी शंका येते की मागच्यापेक्षा थोडं वाढवून सांगितलं. म्हणून आता लिहूनच टाकते. यापुढं वाढणार नाही.

आधी माणसं. आम्ही लातूरच्या एका कॉलेजात अन्नप्रक्रिया शिकवतो. मोरे सर आमचे विभागप्रमुख, रेणापूरचे. बिरादार सर उदगीरचे. शेख मॅडम नांदेडच्या, मायक्रोबायोलॉजी शिकवणाऱ्या. आणि मी, सगळ्यांत नवी, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, आजारी पडलं तर फक्त आजार.

दुष्काळ ऐन भरात होता. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. नेमक्या त्या उन्हाळ्यात मोरे सरांनी वाइनचा कोर्स काढायचं ठरवलं. कुणीतरी विचारलं की सर, पाण्यावर काही काढू या ना. सर म्हणाले, "काढू. पण प्रॅक्टिकल कशावर घेणार?"

या कोर्सला चव आणि वास तपासायची एक लॅब लागणार होती. तिथं एक पूर्ण पगाराची जागा निघणार होती, आणि सरांच्या मनात माझं नाव होतं. अट एकच. सगळ्यांबरोबर नाशिकला जाऊन टेस्टिंग शिकून यायचं.

माझी मुलगी मैत्री तेव्हा दहा महिन्यांची होती. अंगावर पिणारी, वरच्या दुधाला तोंड न लावणारी. तिला न्यायचं म्हणजे सांभाळायला कुणीतरी हवं, आणि कुणीतरी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मुखेड तालुक्यातल्या. रोज सकाळी पंचशील म्हणतात, आणि मद्यापासून दूर राहायचं ते पाचवं शील जरा मोठ्यानं म्हणतात. शेजारच्यांना ऐकू जावं म्हणून.

त्यांना मी सांगितलं, द्राक्षाच्या रसाचा कारखाना बघायला जायचंय. हे खोटं नव्हतं. रस किती जुना, एवढंच सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर नातीला कडेवर मारून त्यांनी पहिली एसटी पकडली असती. त्यांच्या मागं मी, आणि माझ्या मागं ती जागा, असे आम्ही सगळेच परत आलो असतो.

मी घोट घेऊन थुंकणार होते. तरी मनाला लागून राहिलं होतं, म्हणून विष्णुपुरीला वडिलांना फोन केला. घोट गिळला नाही तर शील मोडतं का? बाबा म्हणाले, "हे विहारात विचारू नकोस. भंतेजी भला माणूस आहे, झोप उडायची त्यांची."

*

नाशिकच्या लॉजवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काउंटरवरची मुलगी एकेकाचं नाव-गाव कॉम्प्युटरवर भरून घेत होती.

त्या दिवसांत नवे जिल्हे होणार, त्यात उदगीर आहे, अशी जोरदार हवा होती. बिरादार सरांच्या दृष्टीनं तो झालेलाच होता. फक्त सरकारला कळायचं राहिलं होतं. मुलीनं जिल्हा विचारला. सर म्हणाले, उदगीर.

तिनं यादी वर केली, खाली केली. "यादीत दिसत नाही सर."

"येईल," सर म्हणाले. "थोडं थांबा."

ती बिचारी खरंच थांबली. तिला वाटलं, नेट स्लो आहे.

*

खोल्यांत जाऊन पाच मिनिटं झाली नसतील, तोच व्हरांड्यातून बिरादार सरांची हाक आली. "आलंय! भरून घ्या!"

यापुढं काय झालं ते मी अहवालात लिहिलेलं नाही. आम्ही सगळ्यांनी भरून घेतलं. बादल्या, मग, पाण्याच्या बाटल्या. लातूरहून रिकामे आणलेले बारा कॅन तर होतेच. शेख मॅडमनी चहाची किटली भरली. मी कचऱ्याचा डबा धुऊन भरला, आणि मैत्रीचं टोपरं भिजवून ठेवलं, ते का, मला आजही सांगता येत नाही. आत्याबाईंनी भरलेल्या सगळ्या भांड्यांवर टॉवेल झाकले.

मॅनेजर वर आला. कुठं नळ फुटलाय का बघायला. बिरादार सरांनी त्याला विचारलं की पाणी किती वाजता जातं. तो म्हणाला, जात नाही सर, चोवीस तास असतं.

सर विचारात पडले. "मग आलंय हे तुम्हाला कळतं कसं?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली वाइनरी. आत्याबाई आणि मैत्री बाहेर आंब्याखाली, आम्ही आत.

गाईड तरुण होता, हुशार होता, हातवारे छान करत होता. आधी रंग बघायचा, मग ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात खेळवायचा आणि पिचकारीसारखा समोरच्या भांड्यात टाकायचा. एवढं दाखवून त्यानं ग्लासात अर्धा ग्लास पाणी घेतलं, खळखळवलं आणि ओतून दिलं.

आम्ही चौघंही त्या भांड्याकडं बघत राहिलो. वाइन टाकली तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं.

मोरे सरांनी सावकाश विचारलं, हे पुढं कुठं जातं? बागेला जातं, असं उत्तर मिळालं. सर म्हणाले, मग ठीक आहे. तरी पुढच्या वाइनला आमच्या टेबलावरून एकमुखानं निरोप गेला की ग्लास धुवायची गरज नाही, त्यातच ओता.

*

त्याच टेबलावर माझी परीक्षा झाली.

माझं अर्धं लक्ष खिडकीतून आंब्याखाली होतं. पोरगी रडतेय का, आत्याबाई कुणाशी बोलतायत, कुणी त्यांना काही सांगत तर नाही. शेजारी पुण्याचं एक जोडपं होतं. त्यांना पांढऱ्या वाइनमध्ये अननस लागला, कापलेलं गवत लागलं, आणि बाईंना तर आजोळ आठवलं. मग गाईडनं मला विचारलं.

मी ग्लास उचलला. फिरवला, हुंगला, घोट घेतला, सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. आणि जे लागलं ते सांगितलं. जड आहे. टँकरचं नाही, बोअरचं असावं, खोल बोअरचं. आणि टाकी एक-दोन दिवसांत धुतलेली आहे, ब्लीचिंग मागं राहिलंय.

मग गाईड अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचा वाइनचा ग्लास हा इकडं आहे. तो पाण्याचा होता."

तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो आत जाऊन विचारून आला. टाकी कालच धुतली होती.

त्या वर्षी लातुरात हे कुणालाही जमलं असतं. आमच्या गल्लीत लहान पोरं एका घोटात कुणाचा टँकर ते सांगायची. पण मोरे सरांनी डायरी काढून माझं नाव लिहिलं. "चव कळते हे महत्त्वाचं," म्हणाले. "पदार्थ कुठला ते नंतर शिकता येतं. दुपारची वाइनरी नीट होऊ द्या, मग जागा तुमची."

*

शेख मॅडमनी आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं, मी यीस्ट बघायला आलेय, चाखणार न्हाई. गाईडनं मान ठेवला. निदान वास तरी घ्या म्हणून त्यांच्यापुढं एक महागातली लाल वाइन धरली.

मॅडमच्या माहेरी नांदेडला अत्तराचं दुकान, पणजोबांपासूनचं. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाल्या, यात ओला पुठ्ठा आहे.

गाईड हसला. मग त्यानं स्वतः हुंगलं आणि हसायचा थांबला. आतून वाइन बनवणारे साहेब आले. त्यांनीही हुंगलं, आणि बाटली घेऊन गेले. बूच खराब निघालं की तसा वास येतो म्हणे. परत येऊन त्यांनी विचारलं, मॅडम, एवढी नाजूक चीज तुम्हाला कळली कशी?

"पावसात आमच्या दुकानातले खोके भिजायचे," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा पाऊस पडायचा."

*

निघताना मी बाहेर आले तर आत्याबाई दारातल्या मॅनेजरला काहीतरी समजावून सांगत होत्या. जवळ गेले तेव्हा कळलं की त्या त्याला एका बाजूला घेऊन, चारचौघांत अपमान नको म्हणून हळू आवाजात, त्याचा रस नासल्याचं सांगत होत्या. सकाळपासून वास येऊन राहिलाय. उन्हाळ्याचं इतकं साठवू नये, निघेल तसा विकत जावा.

मॅनेजर म्हणाला, "आजी, आम्ही मुद्दामच तसा ठेवतो."

मी मैत्रीला घ्यायचं निमित्त करून मध्ये घुसले. आत्याबाई गाडीत बसल्या आणि द्राक्षाच्या बागा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिकलेली मान्सं हायत बाई." मला त्या वाक्याचा अर्थ लावण्यात दुपारचं जेवण गेलं नाही.

*

दुपारी दुसरी वाइनरी. ऊन असं की झाडाखालीसुद्धा बसवेना. मैत्री उन्हानं आणि भुकेनं रडायला लागली होती. मी वर टेस्टिंगच्या हॉलमध्ये, काचेच्या भिंतीशी उभी, आणि माझ्या तोंडात लाल वाइनचा घोट.

काचेतून मला दिसलं की तिथली गाईड मुलगी, पल्लवी नाव तिचं, आत्याबाईंजवळ गेली. बाळाकडं बघितलं, आत बोट दाखवलं. मागून कळलं ती म्हणाली होती, आजी, तळघरात चला, तिथं गार आहे. आत्याबाई उठल्या आणि तिच्या मागं जिना उतरायला लागल्या.

मला ओरडायचं होतं. तोंड भरलेलं होतं. थुंकायचं भांडं टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बिरादार सरांपुढं होतं. मी रुमालात थुंकले आणि धावले. मोरे सर "मॅडम, नोंद?" म्हणाले ते ऐकू आलं, पण थांबले नाही.

जिना उतरता उतरता भाषण तयार केलं. हे शिक्षण आहे आत्याबाई. मी गिळत नाही. बाबांना विचारलंय. पूर्ण पगाराची जागा आहे, मैत्रीच्या नावानं काही साठेल. हवं तर राजीनामा देते. शेवटचं वाक्य ऐन वेळी सुचलं, आणि ते म्हणायचं की नाही हे ठरायच्या आत मी खाली पोचले होते. हातात लाल रुमाल.

तळघर लांबलचक होतं. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर बाटल्या. हजारो असतील. सगळ्या आडव्या. बूच ओलं राहावं म्हणून तशा ठेवतात, हे मला सकाळीच शिकवलं होतं.

मी लग्न होऊन मुखेडकडं गेले त्या वर्षी आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे बंद करा. आत्याबाई महिनाभर दारोदार फिरल्या होत्या. ज्या बाईला चित्र समजायचं नाही तिच्या अंगणात तेलाची रिकामी बाटली ठेवून दाखवायच्या. अशी उभी न्हाई. अशी, निजलेली. ह्या निजलेलीवर शिक्का मारायचा. आडवी बाटली जिंकली त्या दिवशी त्या रडल्या होत्या, आणि त्यांना रडताना मी तेवढं एकदाच बघितलंय.

आता त्या तळघराच्या मधोमध उभ्या होत्या. खांद्यावर मैत्री, गार हवेनं शांत झालेली. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाटल्यांवरून नजर फिरवत होत्या. माझ्याकडं बघितलं. रुमालाकडं बघितलं. मी तोंड उघडलं, पण त्यांनी पोरगी माझ्या हातात दिली.

"घे. पाज तिला. भुकेजलीय."

मग पल्लवीकडं वळल्या.

"ह्या समद्या आडव्या कुणी केल्या, माय?"

"इथल्या बायकाच करतात आजी," पल्लवी म्हणाली. "आसपासच्या गावांतून येतात. हे काम पुरुषांकडं देतच नाहीत."

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. भिंतीकडं तोंड करून, त्या बाटल्यांच्या रांगांपुढं, दोन्ही हात जोडले.

"त्या बायांना माझा जयभीम सांग," त्या म्हणाल्या. "म्हणावं, मुखेडच्या बायांनी धाडलाय."